मास्तर, गाणं दर वर्षी नवं लागतं

मास्तर, तुमच्या शोकसभेत मी भांडलो. दुसऱ्या कुणी तिकडे येऊन तुमचे कान भरण्याआधी मीच सांगून टाकतो.

गेल्या रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गात सभा होती. तुमच्या भाच्यांनी, सदूभाऊंनी, मुंबईहून एक विद्वान आणले होते. अंगावर उपरणं, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं गोड. भाईंदरसारख्या आडगावी गद्रे मास्तरांनी सोळा वर्षं संस्कृतचा दिवा जळता ठेवला, असं ते म्हणाले. तिथवर ठीक होतं. मग म्हणाले, आता स्वराज्य आलं आहे, आता आपण पुन्हा आपल्या सुवर्णकाळाकडे तोंड करून उभं राहायला हवं; मात्र त्या कवींसारखं, त्या शिल्पकारांसारखं आता होणे नाही, आपल्या हाती उरलीय फक्त पूजा, आणि ती गुरुजींनी जन्मभर केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान काही डोलली नाही. मी मागच्या बाकावरून उठलो आणि म्हणालो, "होणे नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला. मी कोण, तर मुर्ध्याच्या मिठागरातला मुकादम. सातवी पास, आणि तीही तुमच्या छडीच्या कृपेने. सदूभाऊ कानापर्यंत लाल झाले. कुणीतरी हळूच म्हणालं, "हिराजी, बस की रे, माणूस गेलंय." अहो, माणूस गेलंय म्हणून तर उठलो! तुम्ही असतात तर तुम्हीच मला गप्प केलं असतंत आणि मी बसलोही असतो. आता मला बसवणारा भाईंदरात कोण आहे?

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. आणि काल आमच्या मिठाच्या आगरात जे झालं, ते तुम्हाला कळवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. पण ते एकदम सांगता येत नाही. आपला वाद पहिल्यापासून सांगायला हवा. तुम्हाला तो पाठ आहे, पण तुम्ही तो नेहमी तुमच्या बाजूने सांगत आलात. आज मी सांगतो.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या साली तुम्ही इथे आलात. स्टेशनाजवळच्या खोलीत एक ट्रंक कपड्यांची आणि चार ट्रंका पोथ्यांच्या. बायको आधीच गेलेली, मूल नाही. रविवारी दुपार कलली की छत्री घेऊन तुम्ही बांधाबांधाने मुर्ध्यापर्यंत चालत यायचात, दम्याला खाडीचा वारा चांगला म्हणून. मला वर्गात मारलेलं असलं तर त्या रविवारी खिशातून खडीसाखर काढायचात आणि बांधावर ठेवायचात. माफी मागणं तुमच्या स्वभावात नव्हतंच.

तिथे बसून तुम्ही जुन्या संस्कृत कवींचं म्हणायचात. अंगाला काटा यायचा मास्तर, खोटं कशाला बोलू? एकदा तुम्ही मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापाचं काहीतरी म्हणून दाखवलंत, मला अर्धंच कळलं, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. माझी थोरली बहीण त्याच वैशाखात शेजारच्या राय गावी दिली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला माझ्या बहिणीचं कसं कळलं, असं मी विचारलं. तुम्ही छत्रीच्या टोकाने चिखलात रेघ ओढलीत आणि म्हणालात, "हिराजी, हे असं आहे. जे काही बोलण्यासारखं होतं ते त्यांनी बोलून ठेवलंय. आपण नुसती री ओढायची."

आपला वाद सुरू झाला तो त्या वाक्यापासून. तोपर्यंत मी तुमचा होतो.

कारण मास्तर, आमच्याकडे री ओढून चालतच नाही. पाऊस संपला की आगराचा तळ पार मऊ झालेला असतो. तो पुन्हा घट्ट केल्याशिवाय खाडीचं पाणी आत घेता येत नाही. पाणी खाली झिरपतं, आणि जे काही मीठ धरतं त्यात चिखल येतो. म्हणून दिवाळीनंतर वीस-पंचवीस माणसं, बायाच जास्त, एकमेकांच्या कमरेला हात घालून एका ओळीत उभी राहतात आणि अनवाणी टाचांनी तळ तुडवत मागे मागे सरकतात. बांधावर उभं राहून एकजण गाणं सांगतो, तुडवणारी माणसं ते उचलतात. गाण्याच्या एका ओळीला आठ पावलं. आणि हे गाणं दर वर्षी नवं लागतं. गेल्या वर्षीचं गाणं यंदाच्या तळाला घेतलं तर मीठ धरत नाही, असं आमची माणसं मानतात. का, ते विचारू नका. माझ्या आज्याला विचारलं होतं, तो म्हणाला, पावसानं तळ धुतला तसं गाणंही धुतलं.

मी तुम्हाला हे मोठ्या तोऱ्याने सांगितलं होतं, आठवतंय? बाबा तेव्हा गाणं सांगायचे. तुम्ही हसलात. "अरे गाढवा, ती कामाची गाणी. काम संपलं की गाणं संपलं. काव्य म्हणजे काम संपल्यावर उरतं ते." मी म्हणालो, मग तुमचं ते उरलेलंच असणार ना मास्तर, शिळंच. तुम्ही छत्री उचललीत. मारली नाहीत, पण उचललीत.

मग दर रविवारी तेच. तुम्ही म्हणायचात, त्यांना वेळ होता, राजाश्रय होता, व्याकरणाचा धाक होता. आजचे लोक सकाळी लिहितात आणि संध्याकाळी छापून मोकळे होतात. मी म्हणायचो, तेही एके काळी नवेच होते, त्यांच्याही गल्लीत एखादा गद्रे मास्तर असेलच, आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही म्हणणारा. तुम्ही म्हणायचात, दोन हजार वर्षांत इतकं सुंदर दुसरं काही उरलं का? मी म्हणायचो, अहो, जे वाईट होतं ते वाळवीने खाल्लं आणि चांगलं तेवढं तुमच्या ट्रंकेत आलं. आणि ते निवडून ठेवलेलं तुम्ही आमच्या आजच्या कचऱ्याशेजारी मांडता, हा कुठला न्याय? तुम्ही समुद्राला रत्नाकर म्हणायचात. मी म्हणायचो, आमच्या सात पिढ्या या पाण्यात गेल्या, रत्न एक सापडलं नाही, मीठ सापडलं, आणि मिठावर बोलायला तुमच्यातला एकही आला नाही. तुम्ही तावातावाने म्हणालात, "लवणसमुद्र असा शब्द आहे!" मी म्हणालो, शब्द असेल हो, त्यात कुणाचे पाय आहेत का?

जुनं म्हटलं की तुमचं डोकंच चालेनासं व्हायचं. उत्तनच्या पास्कूबरोबर तुम्ही एकदा चालत चालत थेट त्यांच्या ख्रिस्ती देवळात गेलात, लॅटिन ऐकायला. डोळे मिटून तासभर बसलात. बाहेर आल्यावर पास्कूला विचारलंत, "याचा अर्थ काय?" तो बिचारा जाळं विणणारा माणूस. म्हणाला, "मना न्हाय कलत मास्तर, पाद्रीबाबाला कलत आसंल." आणि तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "हरकत नाही, जुनं आहे." पास्कू ही गोष्ट अजून सांगतो आणि हसून हसून खोकतो. तुम्ही गेल्याचं कळल्यावर मात्र उत्तनहून पायी आला आणि तुमच्या दारात उभा राहिला.

पण मला तुमचा राग यायचा तो या वादासाठी नाही. राग वेगळाच होता, आणि तो मी तुम्हाला कधी तोंडावर बोललो नाही. मास्तर, तुम्हाला येत होतं. तुमच्यात होतं. एका फाल्गुनात आपण आगरावर उभे होतो, मिठाचे ढीग लागलेले, आणि तुम्ही आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणालात, "ऊन तहानेलं होऊन खाडी पितं, आणि जे गिळवत नाही ते आपल्यासाठी ठेवून जातं." मी जागीच थांबलो. म्हणालो, मास्तर, हे लिहा. तुम्ही घाबरलात. हो, घाबरलात, मी तुमचा चेहरा बघितलाय. म्हणालात, "छे छे, हे कुणीतरी म्हणून ठेवलेलं असणार." घरी जाऊन तीन दिवस पोथ्या उलटल्यात. मीही धूळ झटकायला होतो. कुठेच सापडलं नाही. तेव्हा तुम्ही समाधानाने म्हणालात, "हरवलेल्या एखाद्या पोथीत असेल."

काय म्हणायचं याला? स्वतःच्या तोंडातून आलेलं चांगलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर करायला तुम्ही हरवलेली पोथी निर्माण केलीत! जन्मभर हेच केलंत. भाषांतरं केलीत, टिपा लिहिल्यात, लोकांच्या चुका काढल्यात, आणि स्वतःची म्हणून एक ओळ केली नाहीत. त्या विद्वानांनी ज्याला पूजा म्हटलं ती ही. मी तिला भीती म्हणतो. तुम्हाला बरं वाटणार नाही. न वाटो.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली बाबा गेले, भाद्रपदात. गाणं सांगायचं माझ्यावर आलं. वीस वर्षांचा होतो. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. बांधावर उभा राहिलो की बाबांचा आवाज ऐकू यायचा आणि माझा बसायचा. शेवटी तुमच्याकडे आलो. म्हणालो, मास्तर, यंदा तुम्ही द्या. तुमचं द्या, असं म्हणालो होतो. तुम्ही ट्रंक उघडलीत आणि समुद्राची एक जुनी स्तुती काढून दोन दिवसांत तिचं मराठी करून दिलंत, त्याच जुन्या वृत्तात, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी म्हणालो, पण ही जुनी आहे, आमच्याकडे चालत नाही. तुम्ही म्हणालात, "तुमच्या आगरात कुणी ऐकलेली आहे का? नाही ना? मग तुम्हाला नवीच!"

आणि मी फसलो! तुमचं शहाणपण आणि आमची अडचण, दोन्ही एकत्र आल्यावर कोण फसणार नाही?

तुम्ही बांधावर छत्री घेऊन उभे होतात. मी ओळ सांगितली. मधे ती यती येते ना, जिथे तुम्ही श्वास घेता, तिथे अर्ध्या बायांचे पाय थांबले आणि अर्ध्यांचे पडले. ओळ फुटली. पुन्हा सांगितली, पुन्हा फुटली. आमची चांगुणाकाकी, जी ओळीच्या टोकाला असते आणि जिच्या टाचेवर सगळे चालतात, ती ओरडली, "हिराजी, ह्या गान्यानं पाय बांधलं रं!" तरी मी चार दिवस तेच चालवलं. तुम्ही होतात ना समोर. तळ कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत राहिला. पाणी घेतलं ते झिरपलं, आणि माघात मीठ आलं ते राखेसारखं, चिखलाचं. कुणाच्या हातात घ्यायला लाज वाटावी असं.

लोक माझ्यासमोर काही बोलले नाहीत, पण शेजारच्या मोर्व्याच्या कुणाला तरी पुढच्या साली गाणं सांगायला बोलवायचं असं ठरत होतं. बाबांची जागा जाणार होती, आणि पहिल्याच वर्षी. मी तुम्हाला ते सांगायला आलो. तुम्ही वहाणा काढल्यात, धोतर खोचलंत, आणि त्या आटलेल्या आगरात उतरून स्वतः चार पावलं तुडवून बघितलीत. सगळे बघत होते. मला वाटलं, आता म्हणाल, चुकलं माझं. तुम्ही वर आलात, पाय धुतलेत आणि म्हणालात, "वृत्त निर्दोष आहे. दोष पायांचा आहे."

दोष पायांचा! चांगुणाकाकीच्या पायांचा! त्या दिवसापासून नऊ महिने मी तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या घरावरून जायचो, तुम्ही खिडकीत असायचात, मी स्टेशनाकडे बघायचो.

पुढच्या कार्तिकात लोकांच्या हातापाया पडून एक संधी मागून घेतली आणि माझं गाणं सांगितलं. बाबांवर नाही, देवावर नाही, गेल्या सालच्या राखेसारख्या मिठावरच केलं होतं. बाया हसत हसत तुडवत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी तळ असा वाजायला लागला की चांगुणाकाकीने माझ्याकडे बघून मान हलवली. तेव्हा मला तुम्ही दिसलात. दूर, उघाडीपाशी, जिथून खाडीचं पाणी आत सोडतात तिथे, छत्री उघडून उभे. काम संपल्यावर जवळ आलात. मी वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या ओळीतलं क्रियापद चुकलंय." आणि खिशातून खडीसाखर काढून बांधावर ठेवलीत.

मी ती खाल्ली. काय करणार? मला मात्रा मोजायला शिकवलं तुम्ही. शब्द जिभेवर ठेवून बघायला शिकवलं तुम्ही. माझ्या सगळ्या गाण्यांत तुमच्या त्या जुन्या माणसांचं अन्न आहे, हे मी कुणासमोरही कबूल करीन. ते मोठे होते. पण ते शेवटचे नव्हते, मास्तर. एवढंच मी म्हणत होतो.

मग आणखी सहा वर्षं, सहा गाणी. तुम्ही दर वर्षी उघाडीपाशी उभे राहिलात आणि दर वर्षी काहीतरी चूक काढलीत. दर वर्षी म्हणालात, लिहून ठेव. मी म्हणालो, नाही. तुमचा मुद्दा मला कळत होता. लिहिलं नाही तर दोन हजार वर्षांनी कोण ताडून बघणार? पण मला ताडून बघायचंच नव्हतं. मला त्या वर्षीचं मीठ हवं होतं.

यंदा नवरात्रापासून तुमचा दमा वाढला. मी रोज काम संपलं की यायचो, शेगडीवर पाणी ठेवायचो. तुम्हाला उशीला टेकून बसावं लागायचं. दिवाळीच्या पाडव्याला आलो तर तुम्ही भिंतीकडे बघत होतात. विचारलंत, "यंदाचं झालं का?" म्हटलं, अजून नाही. उशीवर जरा वर सरकलात. मग म्हणालात, "एक ओळ आहे. माझी."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तुमची?"

"माझी."

"पोथ्यांत शोधलीत?"

"नाही शोधली," तुम्ही म्हणालात. "आणि शोधणार नाही."

मास्तर, तेव्हाच तुमचे पाय धरायला हवे होते. सोळा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते घडत होतं, आणि मी मेला मुकादम, शेगडीवरचं पाणी उतू जातंय का ते बघत होतो. तुम्ही ओळ म्हणालात. दम लागत होता म्हणून दोनदा थांबून म्हणालात.

घट्ट हो रे चिखला, पाय आमचे जाणार, तू तरी राहा.

मी लगेच जमिनीवर टाच आपटून बघितली. सवयच ती. एक, दोन, तीन, आणि नऊ आली. मी म्हणालो, "मास्तर, एक पाऊल जास्त होतंय. 'तरी' काढा. 'तू राहा' म्हटलं की बरोबर आठ होतात."

तुमचा चेहरा उतरला. "'तरी' काढलं तर ओळ मेली. सगळं त्या 'तरी'त आहे."

"असेल, पण पायात बसत नाही."

"मग पाय बदल!"

"झालं! पुन्हा दोष पायांचाच!" मी हे हसून म्हणालो. शपथेवर सांगतो, हसून म्हणालो. तुम्हाला ते हसू दिसलं नाही. खोकल्याची उबळ आली, मी पाठीवरून हात फिरवायला पुढे झालो तर तुम्ही तो झटकलात. भिंतीकडे तोंड केलंत. "तुला काही कळत नाही. जा."

गेलो. भाऊबीजेला बहीण येणार म्हणून दुसऱ्या दिवशी आलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन सांगत आला.

आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही स्वतःचं काहीतरी माझ्या हातात ठेवलंत, आणि मी त्यात चूक काढली. तुम्ही मला जे शिकवलंत तेच मी तुमच्यावर चालवलं. हे मी कुणाला सांगू? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, खरं तेच बोललात ना. खरं बोललो, तेच तर सलतंय.

म्हणून त्या सभेत मी उठलो, मास्तर. ते तुम्हाला पुजारी करून टाकत होते. मी म्हणालो, "मास्तरांनी जायच्या आधी स्वतःची एक ओळ केली आहे." विद्वानांनी आदराने विचारलं, "कुठे छापली आहे?" छापली नाही म्हटलं. "मग हस्तलिखित?" तेही नाही. "एकच ओळ?" हो, एकच. ते हसले नाहीत, माणूस सभ्य होता. नुसते म्हणाले, "एका ओळीने कुणी त्यांच्या पंक्तीला बसत नाही हो." मी म्हणालो, "त्यांच्या पंक्तीला बसायचंय कुणाला? आमची पंगत आम्ही मांडू." तेव्हा सदूभाऊंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. बरंच झालं. पुढे काय बोललो असतो देव जाणे.

पण बोलून काय उपयोग? सोळा वर्षं मी बोलतच होतो. ओळ खरी की खोटी हे आगरात ठरणार होतं. तळ तुडवायचा दिवस जवळ आला, मी तुमच्या ओळीवरून पुढचं गाणं बांधलं, आणि 'तरी' काढलं. हो, काढलं. एकदा माझ्या हाताने आगर बिघडलेलं आहे मास्तर, बाबांची जागा जाता जाता राहिली आहे. तुमच्या प्रेमापायी पुन्हा तेच करायची माझी छाती नव्हती.

काल सकाळी बांधावर उभा राहिलो. बाया कमरेला हात घालून तयार. मी सांगितलं, घट्ट हो रे चिखला, पाय आमचे जाणार, तू राहा. आठ पावलं, बिनचूक. पाच-सहा वेळा झालं. कुठे फुटलं नाही, काही नाही. पण ओळ मेलेली होती. तुम्ही म्हणाला होतात तशीच मेलेली. कुणीही चिखलाला काहीही सांगावं, तशी.

मी थांबलो. चांगुणाकाकी म्हणाली, "का रं, काय झालं?" मी सांगितलं सगळं. मास्तरांची ओळ आहे, त्यात एक शब्द आणखी होता, मी काढला, म्हणून ते रागावून गेले. ती म्हणाली, "त्यो छत्रीवाला? पाय खराब हायत बोललेला त्यो?" म्हटलं, तोच. सगळ्या बाया हसल्या. ती नाही हसली. म्हणाली, "बोल पुरी. बगू दे."

मी बोललो पुरी. सातव्या पावलावर ओळ अडखळली. मला ते सगळं आठवलं, राखेसारखं मीठ, लोकांच्या नजरा. म्हटलं राहू दे काकी. ती म्हणाली, "गप. बोल." पुन्हा बोललो, पुन्हा अडखळली. चौथ्या वेळी तिने काय केलं माहीत आहे? 'तू तरी'ला एका पावलाच्या वेळात टाच दोनदा मारली. ठप-ठप. आणि 'राहा'ला पाय दाबून ठेवला. शेजारणीने बघितलं, तिने मारली. मग तिच्या शेजारणीने. दहाव्या ओळीला पंचवीस जणींची टाच तिथे दोनदा पडत होती आणि कुणी मोजत नव्हतं. आमच्या आज्यापणज्यापासून आठ पावलांत जे कुणी केलं नव्हतं ते काल मुर्ध्याच्या चिखलात झालं. काकीचा नवरा आषाढात गेलाय. ती 'तू तरी' म्हणताना खाली बघत होती आणि अशी टाच मारत होती की चिखल गुडघ्यापर्यंत उडत होता.

मी बांधावर उभा राहून रडलो. गाणं सांगायचं थांबलं नाही, रडत रडतच सांगितलं.

ऐकताय ना मास्तर? तुमच्या त्या थोर माणसांचं वृत्त घेऊन मी चार दिवस या बायांपुढे उभा होतो, त्यांच्याने आमचा एक पाय हलला नाही. तुमच्या एका ओळीने पंचवीस माणसांची चाल बदलली. भुसभुशीत जागीसुद्धा त्या दुहेरी टाचेने तळ बसतोय, मी संध्याकाळी स्वतः दाबून बघितलं. तुम्ही म्हणालात पाय बदल, आणि पाय बदलले. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. तेवढ्यापुरतं! बाकी सगळ्या वादात मीच जिंकलो आणि तुम्हीच मला जिंकवलंत, कारण ती ओळ कुठल्याही पोथीत नव्हती.

आता एक सांगतो, त्याने तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड कराल. सदूभाऊ काल संध्याकाळी आले होते. ओळ लिहून द्या म्हणाले, ते विद्वान छापतील. मी दिली. ती तुमची आहे, तिने ट्रंकेत जावं, तुम्हाला ते आवडेल. पण पुढच्या कार्तिकात मी ती आगरात घेणार नाही. कितीही चांगली असली तरी नाही. चांगुणाकाकी म्हणाली तरी नाही. नवी करीन. अडचण एवढीच आहे की बायांची टाच आता सातव्या पावलाला दोनदा पडणार, ती काही कुणी विसरणार नाही. म्हणजे माझ्या नव्या ओळीत नेमका तिथे, तुमच्या 'तरी'च्या जागी, त्याहून चांगला शब्द लागणार. आज सकाळपासून शोधतोय. अजून सापडलेला नाही. पण मी घाबरलेलो नाही, मास्तर, आणि सापडेल त्या दिवशी मी तुम्हालाही मागे टाकीन.